गाळलेल्या जागा

क्रँकशाफ्ट पोचला. बघितला. तुझ्या हाताची थरथर त्यात उतरलीय, म्हातारा झालास. मी रोज समुद्रावर चालतो. पण इथला समुद्र ______ सारखा नाही.

*

युगांडातल्या एका गिरणीवाल्यानं सकाळी सकाळी जुन्या डिझेल इंजिनाच्या नोझलचं ड्रॉइंग शोधलं. पडद्यावर आलं : हे पान सापडत नाही.

*

इलेक्ट्रॉनला वास नसतो, वजन जवळजवळ नसतंच. तरी तो जिथं राहून जातो तिथं थोडी ओल ठेवून जातो. ओल हा शब्द शास्त्रीय नाही. शास्त्र पुढं येईल.

*

कुंकू फार बारीक असतं. पंख्याच्या जाळीतून आत जातं.

*

अश्दोद शहरात एका म्हाताऱ्यानं चहाचा चमचा रुमालाला पुसला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मुलीनं विचारलं, चमचा कशाला. तो म्हणाला, फिटरच्या खिशाला मोजपट्टी लागते. मराठीत म्हणाला. त्या घरात मराठी समजणारं आता दुसरं एकच माणूस उरलं होतं, आणि प्रश्न त्यानंच विचारला होता.

*

"जुनं आधी बाहेर काढा. मग पूजा." हे पिराजी सुतार दरवर्षी नवरात्रात अष्टमीला म्हणतात.

*

तुकडे एकाच गोष्टीचे आहेत. जोडून बघू.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका शेडवर 'पि. ह. इंजिनिअरिंग वर्क्स' अशी पाटी आहे. पि. म्हणजे पिराजी. ह. म्हणजे हनोख झिराडकर. दोघं विशीत एकाच फाउंड्रीत लागले, एका डब्यात जेवले आणि पुढं एक जुनं लेथ मशीन आणून त्यांनी स्वतःची शेड टाकली. हनोख बेने इस्रायली, मूळचा अलिबागकडचा. शुक्रवारी सूर्य मावळला की त्याच्या हातातलं हत्यार खाली, ते शनिवारी सूर्य मावळेपर्यंत खालीच. पिराजी त्याला शनिवाऱ्या म्हणायचे. आमची खंडेनवमी वर्षातनं एकदा, ह्याची दर आठवड्याला, असं गिऱ्हाइकांना सांगायचे. हनोख पिराजींना लोखंड्या म्हणायचा. ह्याच्या डोक्यात दुसरं काही नाहीच, असं त्याचं म्हणणं होतं.

शतक बदललं त्या सुमाराला हनोख बायकोला आणि लहान मुलीला घेऊन इस्रायलला गेला. पाटीवरचा ह. पुसायची गोष्ट कुणी काढली की पिराजी म्हणायचे, रंगारी मिळत नाही.

तेव्हापासून आठवड्याला एक मेल तिकडून, एक इकडून. बेअरिंग, गुडघे, मासे, सरकार, एकमेकांची अक्कल, असे विषय. हनोखची सवय फिटरची : काम झालं की टेबल साफ. मेल वाचायचा, उत्तर द्यायचं, दोन्ही पुसून टाकायचं. पिराजींची सवय उलटी. त्यांनी आजवर एक नटसुद्धा फेकला नव्हता, तर मेल कशाला पुसतील. (अष्टमीला ते 'जुनं बाहेर' म्हणायचे, ते दुसऱ्यांच्या जुन्याबद्दल.) त्यामुळे दोघांचं सगळं बोलणं जगात एकाच ठिकाणी होतं. शेडच्या कोपऱ्यातल्या कपाटात, चपलेच्या खोक्याएवढ्या एका सर्व्हरवर.

साल २०४३. फुकटच्या मेलसेवा बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि उद्यमनगरात बहुतेकांकडे असा स्वतःचा डबा होता. पि. ह.च्या डब्यात मेल होतेच, शिवाय वेबसाइट होती. जी इंजिनं बनवणाऱ्या कंपन्याच बंद पडल्या, त्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज त्या वेबसाइटवर मिळायची. युगांडा, बोलिव्हिया, बार्शी, कुठूनही लोक ती उघडायचे. हे सगळं संयोगिता सांभाळायची. पिराजींची सून, टूल डिझाइनची डिप्लोमा इंजिनिअर. डबा बसवून दिला होता तो तिच्या नवऱ्यानं, धैर्यशीलनं.

त्या वर्षी उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर हनोखनं पडद्याकडे बोट करून मुलीला विचारलं होतं, हा कोण.

पिराजी हसले. म्हणाले, बरं झालं, आता नव्यानं ओळख करून घेऊ, गेल्या खेपेला घाईत झाली होती. मग ते शेडमध्ये गेले आणि जे लेथ मशीन बिघडलंच नव्हतं ते खोलून बसले.

हनोखची मुलगी एस्तेर. कोल्हापुरात दुसरीपर्यंत शिकली आणि मग गेली. अजून मराठी बोलते ती कोल्हापूरच्या पोरींसारखी, मी येतो, मी करतो, अशी. तिनं संयोगिताला फोनवर सांगितलं की बाबांचं हिब्रू आधी गेलं, आता फक्त मराठी राहिलंय, तेही वितळतंय. पण पिराजीकाकांचा एक जुना मेल माझ्याकडे चुकून राहिला होता, तो वाचून दाखवला तर बाबा उठून बसले. डॉक्टर म्हणतात, असं आणखी असेल तर रोज थोडं वाचा. तुमच्याकडे सगळे आहेत ना?

संयोगितानं हो म्हटलं. पिराजी म्हणाले, "समदे दे पोरी. शिव्या असतील त्या बी दे. त्याच्यानंच उठंल तो."

नवरात्र संपलं की काढून पाठवते, असं ठरलं.

*

आता अष्टमी.

उद्यमनगरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी हत्याराला काम सांगत नाहीत. आदल्या दिवशी साफसफाई. झिजलेले ड्रिल, फाटके पट्टे, कुणी तरी कधी तरी लागेल म्हणून ठेवलेलं सगळं शेडबाहेर जातं. लग्न होऊन आल्यापासून संयोगिता हे करत आली होती आणि त्यात ती सासऱ्यांपेक्षा कडक होती. शेड झाल्यावर तिनं पदर खोचूनच सर्व्हर उघडला. तोही झाडायचा होता.

आत दोन मोठे फोल्डर होते. एकाचं नाव 'चालू', एकाचं 'जुने'. तिनं 'चालू' उघडून बघितलं. मेल होते, वेबसाइट होती, ड्रॉइंग्ज होती. मग 'जुने' उघडलं. तेच सगळं. म्हणजे दुबार. कचरापेटीत मावत नाही, कायमचं काढायचं का, असं यंत्रानं विचारलं. तिनं हो म्हटलं, हात धुतले आणि कडाकण्या तळायला गेली.

तिला माहीत नव्हतं ते इतकंच. 'चालू'मध्ये काहीच नव्हतं. ते नुसतं दार होतं, आणि ते 'जुने' नावाच्या खोलीत उघडायचं. सर्व्हर बदलताना धैर्यशीलनं तात्पुरतं तसं करून ठेवलं होतं, नंतर नीट लावू म्हणून. ते नंतर बारा वर्षं आलं नव्हतं.

बॅकअप होता. कपाटातच दुसरा डबा होता, तो रोज संध्याकाळी पहिल्याचं बघून बघून तसंच्या तसं करायचा. त्या संध्याकाळी पहिला रिकामा होता. दुसऱ्यानंही स्वतःला रिकामं केलं आणि काम बरोबर झाल्याची खूण हिरव्या दिव्यानं दिली.

*

खंडेनवमीला सकाळी सगळ्या शेडची बटणं बंद झाली. लेथ, ड्रिलिंग मशीन, व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, सगळ्यांना झेंडूच्या माळा. सर्व्हरही बंद करून पाटावर आला, कारण पिराजींचा नियम होता की जे कामाला असतं ते सुट्टीलाही असतं. संयोगितानं त्याला हळद-कुंकू वाहिलं. थोडं जास्तच वाहिलं.

दुपारी एस्तेरचा फोन आला. बाबांनी काल तिला 'बाई' म्हणून हाक मारली होती. ते मेल जरा लवकर पाठवता येतील का, असं तिनं विचारलं, अगदी चाचरत.

धैर्यशील शेजारी बसून कडाकणी खात होता. तो म्हणाला, सगळे 'जुने'मध्ये आहेत, उद्या काढून दे.

"जुने मी काल काढून टाकलं," संयोगिता म्हणाली.

त्याचं चावणं थांबलं. मग त्यानं दार आणि खोलीची हकीकत सांगितली, आणि ती सांगता सांगताच उठून सर्व्हर चालू करायला निघाला. पाटासमोर पिराजी बसले होते. ते हलले नाहीत.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई."

"आबा, हे हत्यार न्हाई. डबा हाय नुसता."

"मग पूजेला कशाला ठिवलास?"

धैर्यशील म्हणाला की इथं हनोखकाकांचं सगळं गेलंय आणि तुम्ही झेंडू सांभाळत बसलाय. पिराजी म्हणाले, गेलं असेल तर उद्याही गेलेलंच असेल. दोघांचे आवाज वाढत गेले. संयोगितानं त्यातलं फारसं ऐकलं नाही. ती बाहेर जाऊन पुण्यातल्या एका प्रयोगशाळेचा नंबर शोधत होती. पुसलेलं परत काढतात अशी तिची ख्याती होती.

फोन उचलला श्रीरंग सोहोनी नावाच्या माणसानं. सणाच्या दिवशी फोन केल्याबद्दल त्यानं नाराजी दाखवली, अगदी शुद्ध मराठीत. मग पहिलाच प्रश्न विचारला : यंत्र आत्ता चालू आहे का? तिनं सांगितलं, नाही, सकाळपासून बंद आहे. कुणी बंद केलं? सासऱ्यांनी. कशासाठी? पूजेसाठी.

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पूजा चालू ठेवा," सोहोनी म्हणाला. "कुणालाही हात लावू देऊ नका."

ती आत आली तेव्हा बाप-लेक अजून भांडत होते. तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि सोहोनीला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. पिराजींनी उठून एक कडाकणी घेतली आणि पुन्हा पाटासमोर बसले.

*

सोहोनीनं फोनवर सांगितलं ते असं.

मेमरीची चिप म्हणजे अब्जावधी बारीक डबकी. डबक्यात इलेक्ट्रॉन भरले की एक अर्थ, नसले की दुसरा. आपण फोल्डर पुसतो तेव्हा डबकी रिकामी होत नाहीत. फक्त कुठल्या डबक्यात काय आहे याची यादी फाडली जाते. मग चिप निवांत असली की तिचा स्वतःचा झाडूवाला निघतो आणि यादीत नसलेली डबकी एकेक उपसत जातो, पुढच्या कामाला जागा हवी म्हणून. हा झाडूवाला विजेवर चालतो. बटण बंद, की तो आहे तिथंच थांबतो. म्हणजे अष्टमीच्या दुपारपासून नवमीच्या सकाळपर्यंत जेवढं उपसलं गेलं तेवढंच गेलं. धैर्यशीलनं नवमीला डबा सुरू करून शोधाशोध केली असती, तर दसऱ्यापर्यंत काहीच उरलं नसतं.

आणि उपसलं गेलेलंही पूर्ण जात नाही, असं पुढं त्यानं पुण्यात दाखवलं. इलेक्ट्रॉन आत-बाहेर करताना डबक्याच्या भिंती झिजवतात. डबकं रिकामं झालं तरी भिंतीत थोडा भार अडकून राहतो, तीच ती ओल. प्रयोगशाळेतलं 'शेष' नावाचं यंत्र चिपला खूप गार करून प्रत्येक भिंतीची ओल मोजायचं आणि सांगायचं, इथं बहुधा भरलेलं होतं, इथं बहुधा नव्हतं. 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा. कारण जिथं ओलही वाळली होती तिथं शेष अंदाज करायचं. सापडलेले मेल वाचून, ही माणसं कशी लिहितात ते शिकून, मधली जागा भरायचं.

*

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि दुसऱ्या दिवशी संयोगिता डबा मांडीवर घेऊन पुण्याला गेली. सोहोनीनं तो उघडला, आत बघितलं आणि बारीक ब्रश घेऊन बराच वेळ काही न बोलता साफ करत राहिला. शेवटी म्हणाला की त्याच्याकडे पाण्यात पडलेले, जळालेले, कुत्र्यानं चावलेले डबे आलेत, पण सौभाग्यवती डबा हा पहिलाच.

वेबसाइट सोपी निघाली. जगभरच्या लोकांनी ती पानं उघडली होती आणि उघडलेलं पान कुठं ना कुठं उरतंच. युगांडाच्या गिरणीवाल्याकडे तर जवळजवळ सगळी ड्रॉइंग्ज उतरवून ठेवलेली होती. त्यानं ती आपणहून पाठवली, वर विचारलं की मिस्टर पिराजी बरे आहेत ना. आठवड्याभरात साइट उभी राहिली. जे अनेकांचं असतं ते हरवत नाही, असं सोहोनी म्हणाला. मेल दोघांचेच होते, आणि त्यातल्या एकानं आपला वाटा पुसून टाकला होता.

मेलांना वेळ लागला. तयार झाल्यावर सोहोनीनं तिला पडद्यासमोर बसवलं. सापडलेला मजकूर काळा दिसत होता आणि भरलेला करडा. बाजूला एक पट्टी होती, वर खाली सरकणारी. शून्यावर ठेवली की फक्त खरोखर सापडलेलं. शंभरावर ठेवली की एकही रिकामी जागा नाही, आणि हवं तर करडा रंगही काळा करून मिळत होता.

तिनं आधी शून्यावर बघितलं. कसरीनं खाल्लेल्या साडीसारखी पानं. वाक्याच्या मधोमध भोक, नावांच्या जागी भोक, काही मेलांना तर नुसते काठ. हे तिनं केलं होतं, हात धुवायच्या आधी, एका बोटानं.

सोहोनी तिला सांगत होता की शंभरावर मजकूर सुरेख येतो पण थोडा विचार करा. तिनं पट्टी शंभरावर नेली आणि रंग काळा करायला सांगितलं.

*

एस्तेर रोज एक मेल वाचू लागली. बाबा ऐकतात, असं तिनं कळवलं. मध्ये मध्ये मान हलवतात. वाचून झालं की म्हणतात, छान आहे, कुणाचं आहे?

दुसऱ्या आठवड्यातही तेच. छान आहे. कुणाचं आहे. तिसऱ्या आठवड्यात तर ऐकता ऐकता त्यांना झोप लागायला लागली. एस्तेर म्हणाली, काळजी करू नका, निदान शांत झोपतात.

पिराजींनी ते ऐकून घेतलं आणि संयोगिताला म्हणाले, काय पाठवलंस ते मला बघू दे. तिनं टॅबलेटवर अक्षर मोठं करून दिलं. ते शेडच्या दारात उजेडाला बसले. एक मेल वाचला, दुसरा वाचला, आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"हे कुणी लिव्हलं?"

"हनोखकाकांनी."

"हनोखनं मला जन्मात 'प्रिय' म्हटलेलं न्हाई." त्यांनी बोटानं ओळ दाखवली. "हितं बघ. तुझ्या तब्येतीची काळजी वाटते. वाटत आसंल त्याला. म्हणंल का तो? आधी मासा गिळंल काट्यासकट."

संयोगिता त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. तिनं सांगितलं. पट्टी कशी होती, शून्यावर काय दिसलं, आपण ती कुठवर नेली आणि कशासाठी. भोकं बघून कुणी विचारलं असतं ती कुणी पाडली, म्हणून बुजवली.

समोरच्या शेडमध्ये कुणी तरी पत्रा कापत होतं, तो आवाज थांबेपर्यंत पिराजी थांबले.

"घासलेल्या बेअरिंगमध्ये पत्र्याची पट्टी सारून गिऱ्हाइकाला दिलंय का आपण कधी?"

"न्हाई आबा."

"त्या दिवसापुरतं आवाज न करता फिरतं ते. हनोख झोपतोय ते त्याच्यामुळंच. त्याला म्हाईत असलेला त्यात कोणच न्हाई."

ती म्हणाली, पण आबा, काकांना भोकं दिसली तर ते घाबरतील, एवढं त्यांचं काही काही जातंय, त्यात हेही असं फाटकं.

"भोकं त्याच्या डोक्यात बी हाईत की पोरी," पिराजी म्हणाले. "ओळखीची वाटतील."

*

पुण्याला फोन गेला. पट्टी शून्यावर आली. फाटके मेल अश्दोदला गेले आणि त्यांच्याबरोबर संयोगिताची एक खरी खरी चिठ्ठी, तीन ओळींची, एस्तेरसाठी. एस्तेरनं उत्तरात लिहिलं की मी पण बाबांचं हिब्रूचं पुस्तक एकदा धुवायच्या मशीनमध्ये घातलं होतं, आता तू मला सांभाळून घे, मी फार हळू वाचतो.

खरंच ती हळू वाचायची. दुसरीतल्या मुलीसारखी, अक्षराला अक्षर जोडून. आणि दुसरीतल्या मुलीला रिकामी जागा दिसली की ती पुढं जात नाही. तिला शिकवलेलं असतं की इथं थांबायचं, आठवायचं, नाही आठवलं तर बाईंकडे बघायचं.

एस्तेरनं वाचलं, "पण इथला समुद्र..." आणि थांबली. समोर बाई नव्हत्या. वडील होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं.

"रेवदंड्यासारखा न्हाई," हनोख म्हणाला.

नंतर म्हणाला, "रेवदंड्याला वाळू काळी. पायाला चिकटते. हितं ती मजाच न्हाई."

एवढं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. एस्तेरनं पुढची ओळ वाचली, पुढच्या भोकाशी पुन्हा थांबली, पुन्हा वर बघितलं. मग तो खेळच झाला. ती भोकापर्यंत न्यायची, तो भोकातून बाहेर यायचा. पूर्ण मजकूर ऐकताना त्याला करायला काही नव्हतं. आता त्याच्याशिवाय वाक्य पुरं होत नव्हतं आणि हे त्याला, फिटरला, कळत होतं.

सगळं बरोबर भरायचा असं नाही. एका मेलात 'शुक्रवारी ______ आणला' असं होतं. तिथं तो एका दिवशी पापलेट म्हणाला, दुसऱ्या दिवशी बोंबील, तिसऱ्या दिवशी म्हणाला की आणला कुठला, पैसे कुणाकडं होते. एस्तेर सगळं संयोगिताला कळवायची आणि संयोगिता ते त्या त्या जागी टाइप करायची, निळ्या रंगात. काळं म्हणजे सापडलेलं. निळं म्हणजे हनोखनं आत्ता दिलेलं. करडा रंग तिनं काढून टाकला.

सोहोनीला राहवलं नाही. त्यानं निळे शब्द भिंतीतल्या ओलीशी ताडून बघितले. समुद्राच्या त्या जागी शेषचा अंदाज 'मुंबई' होता आणि ओल फार पुसट होती. 'रेवदंडा' तिथं बसत होता. बोंबील कुठंच बसत नव्हता. ही विदा, म्हणजे डेटा, नव्हे, असं त्यानं संयोगिताला कळवलं, पुराव्यासकट. तिनं तो मेल पिराजींना वाचून दाखवला. पिराजी म्हणाले, त्याला सांग, ही गप्पा हाय. सोहोनीनं त्यावर वाद घातला नाही. आता म्हणे त्याच्याकडे कुणी पुसलेले मेल घेऊन आलं, की पट्टी दाखवण्याआधी तो विचारतो, हे वाचणार कोण आहे.

*

मार्गशीर्षात एका संध्याकाळी एस्तेरनं फोन लावला आणि सांगितलं की आज मी काकांचा मेल वाचणार, बाबांचा नाही, तुम्ही नुसतं ऐका. संयोगितानं फोन लेथ मशीनच्या पाट्यावर ठेवला. धैर्यशीलनं पंखा बंद केला. पिराजी स्टुलावर बसले.

मेल जुना होता. पिराजींची बायको गेली त्या वर्षीचा. त्यात बायकोबद्दल एक ओळ होती आणि बाकी सगळं एका जुन्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टबद्दल होतं, हनोखला पाठवलेला तो कसा चुकला, पुन्हा करून पाठवतो, वगैरे. तो पाठवायचा राहूनच गेला होता. एस्तेर अक्षर जोडत जोडत गेली. भोकं आली. काही हनोखनं भरली, काही ठिकाणी तो नुसताच हूं म्हणाला. शेवटाला पोचली. तिथं सहीची जागा होती आणि तिथली ओल पार वाळली होती.

"तुझा..." एस्तेरनं वाचलं आणि थांबली.

संयोगिताला वाटलं, लाईन गेली. तिनं हात पुढं केला, पिराजींनी तो धरून ठेवला.

"लोखंड्या," हनोख म्हणाला.

मग जरा रागानं, "हाय का अजून तो? माझा क्रँकशाफ्ट कुठं हाय म्हणावं."

धैर्यशीलनं पिराजींच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला आणि फोनवर वाकले.

"लावलाय लेथला," ते म्हणाले. "थर्‌थर्‌ कमी हुईस्तोवर थांब जरा, शनिवाऱ्या."

ते खोटं होतं. लेथला काहीच नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यांनी कोपऱ्यातून एक लोखंडी गज काढला, जो त्यांनी अष्टमीला लपवून ठेवला होता, आणि लेथच्या जबड्यात, चकमध्ये, धरला. ते इंजिन आता जगात कुठं चालत असेल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. संयोगितानं वेबसाइटवरून ड्रॉइंग काढून त्यांच्यासमोर लावलं आणि दिवा जवळ ओढला.

*

चाळीसेक वर्षांपूर्वी अश्दोदहून आलेला हनोखचा पहिला मेल कोराच होता. विषयाच्या जागी एक शब्द होता : पोचलो.